खिडक्या बदलू की स्टॉर्म लावू? (मेडफर्ड, मॅसॅच्युसेट्स, १९२४चं घर)

ओसरी | ८ नोव्हेंबर २०२५

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाईने हवाय.

मार्चमध्ये आम्ही बॉस्टनजवळ मेडफर्डला घर घेतलं. १९२४चं, दुमजली, लाकडी. बघायला गेलो तेव्हा दिवाणखान्याच्या जुन्या तावदानांतून समोरच्या झाडाच्या फांद्या पाण्यातल्या सावलीसारख्या हलत होत्या. तेव्हाची काच अशी लहरी असते म्हणे. आम्ही त्यावरच भुललो. आता नोव्हेंबर लागलाय आणि त्याच तावदानांतला गारठा मानेवर बसतोय.

एकूण १८ खिडक्या. सगळ्या वरखाली सरकणाऱ्या, डबल हंग. एकेरी काच, लाकडी झडपा (म्हणजे काच बसवलेले सरकते भाग), चौकटीच्या आत दोरीला टांगलेली लोखंडी वजनं. सात खिडक्यांच्या दोऱ्या तुटल्यात, त्या उघडल्या की लाटणं उभं करून टेकू द्यावा लागतो. बाहेरून एकेकाळी स्टॉर्म विंडो होत्या, म्हणजे मूळ खिडकीवर बाहेरून बसवायची दुसरी काचेची खिडकी. आधीच्या मालकांनी रंगकामाला काढल्या त्या परत लावल्याच नाहीत. तळघरात चार सापडल्या, वाकलेल्या.

परवा खिडक्या बदलणाऱ्या एका कंपनीचा माणूस येऊन गेला. अडीच तास बसला, दोनदा चहा झाला. त्याने एक लाल दिवा आणला होता. दिव्यापुढे साधी काच धरली की हाताला चटका, त्यांची धरली की काहीच नाही. नवरा एकदम खूश. १८ व्हायनल (प्लास्टिकच्या) खिडक्या, जुन्या चौकटीत बसवायच्या, २०,७०० डॉलर. आज सही केली तर. शिवाय ३१ डिसेंबर २०२५नंतर फेडरल करसवलत बंद होतेय, ३० टक्के परत मिळतात, असं दोन-तीनदा ऐकवलं. मी म्हटलं, घरी विचारून सांगते. तो म्हणाला, घरीच तर बसलोय आपण! तर हे 'घरी विचारणं' चालू आहे :)

शेजारच्या आजी ऐंशीच्या आहेत, इटालियन. त्यांचं म्हणणं, खिडक्या फेकू नकोस, बाहेरून स्टॉर्म लाव, आमच्या पन्नास वर्षं आहेत. म्हणून तेही कोटेशन घेतलं: लो-ई काचेच्या (ऊब परतवणारा पातळ लेप दिलेल्या) स्टॉर्म, लावून देऊन एकीला ३००, म्हणजे ५,४००.

घरात दोन वर्षांचा मुलगा आहे. सासूबाई डिसेंबरात साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येतायत. काय करू?

तिखटजाळ | ८ नोव्हेंबर

रुमाल टाकून ठेवतो. पुण्यात बसून वाचतोय, आमच्याकडे खिडकी वारा यावा म्हणून असते. वारा येऊ नये म्हणून वीस हजार डॉलर ऐकून पंखा बंद केला.

उंबरठा | ८ नोव्हेंबर

बदलून टाक गं. आम्ही न्यू जर्सीत २०१९ला सगळ्या बदलल्या, पहिल्या हिवाळ्यात मी रडायचीच बाकी होते, इतका फरक. सविस्तर उद्या लिहिते.

खडूस_मास्तर | ९ नोव्हेंबर

सही केली नाहीत हे उत्तम. केली असती तरी घरी येऊन केलेल्या विक्रीचा करार तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करता येतो, फेडरल नियम आहे. 'आजच्या आज' म्हणणारा माणूस हे सांगत नाही.

आधी दिव्याबद्दल. तो दिवा म्हणजे ऊन. लो-ई लेप उन्हाची ऊब परतवतो म्हणून हाताला चटका बसत नाही. मेडफर्डमध्ये जानेवारीच्या रात्री बाहेर दिवा लावलेला नसतो, तिथे आतली ऊब बाहेर चाललेली असते. लेपाचा त्यालाही उपयोग होतो, पण तो या प्रयोगातून कळत नाही. कळते ती विक्रेत्याची हुशारी.

मग करसवलत. ३० टक्के खरे, पण खिडक्यांना वर्षाला ६०० डॉलरची कमाल मर्यादा आहे. २०,७००चे ३० टक्के म्हणजे ६,२१०, असा हिशोब त्याने तुम्हाला मनातल्या मनात करू दिला असणार. मिळणार ६००, आणि तेही खिडकी 'एनर्जी स्टार मोस्ट एफिशियंट' या ऊर्जाबचतीच्या सरकारी यादीत असली तरच. ३१ डिसेंबरची तारीख मात्र खरी आहे.

आता गणित. यू फॅक्टर म्हणजे खिडकीतून किती ऊब निसटते त्याचे माप, जितके कमी तितके बरे. एकेरी काच साधारण १.०. एकेरी काच आणि बाहेरून साधी स्टॉर्म ०.५. स्टॉर्म लो-ई असेल तर ०.३८ धरू. नवी दुहेरी काच, लो-ई आणि मध्ये आर्गन वायू भरलेली, ०.३०.

एक खिडकी ३ फूट बाय ५ फूट धरली तर १८ खिडक्यांचे २७० चौरस फूट. बॉस्टनचे हीटिंग डिग्री डे (वर्षभरात घर किती तापवावे लागते त्याचे माप) सुमारे ५,६००. २७० गुणिले ५,६०० गुणिले २४ तास, म्हणजे एकेरी काचेतून वर्षाला साधारण ३ कोटी ६३ लाख बीटीयू (उष्णतेचे एकक). घर तापवणाऱ्या भट्टीची कार्यक्षमता ८५ टक्के धरून वर्षाचा गॅस, थर्ममध्ये (एक थर्म म्हणजे एक लाख बीटीयू):

आहे तसे ठेवले तर ४२७ थर्म. साधी स्टॉर्म, २१३. लो-ई स्टॉर्म, १६२. नवी खिडकी, १२८.

थर्मला २ डॉलर २० सेंट धरा (स्वतःचे बिल बघा, वितरणाचा आकार मिळवून). लो-ई स्टॉर्मने वर्षाला ५८३ डॉलर वाचतात, नव्या खिडकीने ६५८. फरक ७५ डॉलर. आणि किमतीतला फरक १५,३००. भागाकार तुम्हीच करा, मला पणतूच्या पणतूची नावे सुचवावी लागतील.

या हिशोबात ऊन आणि फटींतला वारा धरलेला नाही. प्रत्यक्षात दोन्ही आकडे कमी भरतील, पण एकमेकांशी प्रमाण फारसे हलत नाही. जुन्या वास्तू जपणाऱ्या अमेरिकेतल्या नॅशनल ट्रस्टच्या प्रिझर्वेशन ग्रीन लॅबने २०१२ साली वेगवेगळ्या हवामानांची तुलना केली, तीही याच दिशेने गेली: जुनी खिडकी दुरुस्त करून तिला स्टॉर्म लावली की नव्या खिडकीच्या बरीच जवळ पोचते, आणि फार कमी खर्चात.

विक्रेता नेहमी नवी खिडकी आणि उघडी एकेरी काच यांची तुलना करतो. नवी खिडकी आणि स्टॉर्म लावलेली जुनी, ही तुलना त्याच्या पुस्तिकेत सापडली तर मला कळवा.

पाणकोंबडी | ९ नोव्हेंबर

मास्तर, नेहमीप्रमाणे खडूस आणि नेहमीप्रमाणे बरोबर.

ओसरी, आमचा अनुभव घे. शिकागोजवळ, २००८ला २२ खिडक्या बदलल्या. आज त्यातल्या नऊ खिडक्यांच्या दोन काचांच्या मध्ये धुकं आहे. कडेचं सील गेलं की आत बाष्प शिरतं आणि ते आतून पुसता येत नाही, बाहेरून पुसता येत नाही, नुसतं बघत बसायचं. 'आजीवन हमी' होती. आजीवन म्हणजे कंपनीचं आयुष्य, हे नंतर कळलं. ती कधीच बंद पडली. दुसऱ्याकडून नुसती काच बदलून घेता येते, पण त्या मापाच्या सीलबंद काचेचे प्रत्येकी तीनशेच्या वर सांगतायत, मजुरी वेगळी. तुझ्या १९२४च्या खिडकीची काच फुटली तर हार्डवेअरच्या दुकानात कापून मिळते.

उंबरठा | ९ नोव्हेंबर

आता सविस्तर. मास्तरांचं गणित मान्य, पण माणूस थर्मवर जगत नाही.

आमच्या खिडक्या १९७०च्या दशकातल्या होत्या, अॅल्युमिनियमची चौकट. जानेवारीत चौकटीवर आतून बर्फ जमायचा, मी तो चमच्याने खरवडला आहे. त्या वाचवण्यात काही अर्थ नव्हता. बदलल्यावर लेकीची अभ्यासाची जागा खिडकीपाशी आली. हे बिलात दिसत नाही.

आणि स्टॉर्मचा एक त्रास कोणी सांगत नाही. रोज वारा हवा असेल तर आधी आतली कडी काढा, झडप वर करा, मग स्टॉर्मच्या दोन्ही बाजूंची बटणं चिमटीत धरून काच वर ढकला, मग जाळी खाली ओढा. पावसाचं परत सगळं उलट. सासूबाई येणार म्हणतेस ना? सांधेदुखीच्या बोटांना ती बटणं दाबत नाहीत. नवी खिडकी एका हाताने उघडते आणि आत कलते, बाहेरची बाजू घरात उभं राहून पुसता येते. दुसऱ्या मजल्यावर शिडी लावायला माणूस बोलवावा लागत नाही.

खडूस_मास्तर | ९ नोव्हेंबर

अॅल्युमिनियमच्या त्या चौकटींबद्दल पूर्ण सहमत. अॅल्युमिनियम ऊब बाहेर पोचवायलाच बसलेले असते. मी बोलतोय ते १९४०च्या आधीच्या लाकडी खिडकीबद्दल. बटणांचा मुद्दाही बरोबर, माझ्याही बोटांना ती जड जातात.

सुताराचं_पोर | १० नोव्हेंबर

१९२४चं घर म्हणजे झडपा जुन्या जंगलातल्या पाइनच्या असणार. हळूहळू वाढलेलं झाड, वर्तुळं दाट, लाकूड टणक. तसं लाकूड आज वखारीत मिळत नाही. माझे वडील मिरजेला सुतारकाम करायचे, इथे माझ्या घरच्या झडपा हातात घेऊन त्यांनी पहिल्यांदा वास घेतला आणि म्हणाले, "हे कोण फेकतंय?"

दोरी बदलणं अवघड नाही. आतल्या बाजूची उभी पट्टी सुटते, ती अलगद उचकटायची, रंगाने चिकटलेली असते म्हणून आधी पात्याने कापून घ्यायची. खालची झडप बाहेर येते. चौकटीच्या बाजूला खाली एक छोटं झाकण असतं, स्क्रूवर किंवा नुसतं दाबून बसवलेलं; त्याच्या आत वजन. नवी दोरी वरच्या कप्पीवरून सोडायची, वजनाला गाठ, दुसरं टोक झडपेच्या खाचेत. दोरी सुती घ्या. नायलॉनची ताणत जाते आणि वर्षाभरात वजन तळाला टेकतं. पहिल्या खिडकीला अख्खा शनिवार गेला, सातव्या खिडकीला तास.

काच पक्की धरणारी लांबी (पुट्टी) सुटली असेल तर जवसाच्या तेलातली लांबी भरायची, आठ-दहा दिवस सुकू द्यायची, मग रंग. रंग लांबीवरून केसभर काचेवर यायला हवा, तरच पाणी आत जात नाही.

स्टॉर्म लावण्याआधी ही आतली खिडकी घट्ट करून घ्या, उलट्या क्रमाने करू नका. मधल्या कडीने वरची-खालची झडप एकमेकींना ओढून धरली पाहिजे. कडी लागत नसेल तर बहुतेक वेळा वरची झडप रंगात अडकून अर्धा इंच खाली उतरलेली असते. फटींना पितळेची स्प्रिंगपट्टी लावली तर हाताखालून वारा येणं बंद होतं. बाहेरचा वारा स्टॉर्मने अडवायचा, पण आतली हवा आतल्या खिडकीनेच.

आणि माप घेताना रुंदी तीन ठिकाणी मोजा, वर, मध्ये, खाली. जी सगळ्यात कमी ती धरा. शंभर वर्षांच्या घरात एकही चौकट काटकोनात नसते.

ओसरी | १० नोव्हेंबर

सुताराचं_पोर, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. त्याने लगेच एका खिडकीची पट्टी काढलीसुद्धा! मी मागच्या महिन्यात मुलाच्या खोलीतल्या दोन झडपा पॉलिश पेपरने घासून घेतल्या होत्या, रंगाचे पापुद्रे निघत होते म्हणून. आता दोरीचंही करून टाकू. हुरूप आला.

मीठभाकरी | १० नोव्हेंबर

ओसरी, थांब. घासणं आधी बंद कर.

१९२४चं घर, पापुद्रे निघणारा रंग आणि दोन वर्षांचं मूल. त्या रंगात शिसं असण्याची शक्यता फार मोठी आहे. घरातल्या रंगात शिसं घालायला अमेरिकेत १९७८ला बंदी आली, त्याआधीची कुठलीही खिडकी तपासल्याशिवाय खरवडायची नाही. आणि घरात सगळ्यात वाईट जागा खिडकीच: झडप वरखाली होते, रंगावर रंग घासतो, बारीक भुकटी खालच्या खाचेत साठते. रांगणारं मूल तिथेच हात टेकून उभं राहतं आणि तोच हात तोंडात.

आम्हीही मॅसॅच्युसेट्समध्येच, वूस्टरला. आमच्या धाकट्याचा आकडा वर आला होता म्हणून हे पाठ आहे. इथे नऊ ते बारा महिन्यांत, मग दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी रक्तातलं शिसं तपासावंच लागतं. दुसऱ्या वर्षाची तपासणी झाली का? झाली असेल तर घासण्याच्या आधी की नंतर?

आज रात्रीच कर: कोरडा झाडू नको, साधा व्हॅक्यूमही नको, त्याने भुकटी हवेत उडते. खिडकीची खाच आणि भोवतालची जमीन ओल्या कागदी टॉवेलने पुसून टॉवेल पिशवीत बांधून टाक. मुलाला दुसऱ्या खोलीत झोपव. सकाळी डॉक्टरांना फोन.

घाबरवायचं नाहीये गं. पण या धाग्यात थर्म झाले, दोऱ्या झाल्या आणि हे राहिलं होतं.

सुताराचं_पोर | १० नोव्हेंबर

मीठभाकरी, खरंय. माझी चूक. माझ्या घरात लहान मूल नव्हतं आणि मी आधी तपासून घेतलं होतं, पण ते लिहिलं नाही. ओसरी, माफ कर.

ओसरी | १३ नोव्हेंबर

फोन केला, गेलो, रक्त दिलं. तीन दिवस नीट जेवले नाही. आज निकाल आला: दोनच्या आत. सीडीसीची (इथली सरकारी आरोग्य संस्था) लक्ष ठेवायची पातळी ३.५ आहे (मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर, २०२१च्या आधी ५ होती). डॉक्टर म्हणाल्या तीन महिन्यांनी पुन्हा बघू. मीठभाकरी, तुला काय म्हणू कळत नाही.

नवऱ्याने उचकटलेली पट्टी प्लास्टिकमध्ये गुंडाळून गॅरेजमध्ये ठेवलीय. आता परवानाधारक तपासनीस बोलावलाय.

पाटपाणी | १४ नोव्हेंबर

न्यू हॅम्पशरहून. तोपर्यंत गारठ्यावर तात्पुरता उपाय. आमच्याकडे विंडोड्रेसर्स म्हणून संस्था आहे, मेनमधल्या रॉकलंडला सुरू झाली. पाइनच्या चौकटीवर दोन्ही बाजूंनी पारदर्शक फिल्म ताणून लावतात, कडेला फोम, खिडकीत आतून दाबून बसवायची. उन्हाळ्यात काढून ठेवायची. गावातली माणसं एकत्र जमून एकमेकांच्या चौकटी बनवतात, ज्याला हव्यात त्याने एक पाळी काम करायचं. आपल्याकडची सावडच म्हणा. मी गेल्या वर्षी एक दिवस फिल्म ताणत बसले होते, सोबतीला सूप आणि गप्पा. खिडक्या सात मिळाल्या, मैत्रिणी तीन.

बेडरूममध्ये आतून काही बसवलंत तर ते एका झटक्यात काढता आलं पाहिजे, आग लागली तर बाहेर पडायची तीच वाट.

खडूस_मास्तर | १४ नोव्हेंबर

बेडरूमचे शेवटचे वाक्य अधोरेखित. चौकटीत चौकट बसवली की उघडणारी जागाही थोडी आकसते. आता बहुतेक ठिकाणी बेडरूमच्या खिडकीला ५.७ चौरस फुटांची मोकळी जागा लागते, किमान २४ इंच उंच, २० इंच रुंद. जुन्या घराला सगळे लागू होतेच असे नाही, पण वरच्या मजल्यावर मोजून घ्या.

तिखटजाळ | १५ नोव्हेंबर

पंखा परत लावला पण आता आमच्या १९६०च्या फ्लॅटच्या खिडकीकडे संशयाने बघतोय. भारतात या शिशाचं काय?

मीठभाकरी | १५ नोव्हेंबर

तिखटजाळ, भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधीचा तेलरंग असेल तर तोही कोरडा घासू नका. खिडक्यांचे गज आणि लाकडी दारं तेलरंगानेच रंगवतात.

ओसरी | २ डिसेंबर

तपासनीस येऊन गेला. हातात ड्रिलसारखं यंत्र, भिंतीला टेकवलं की आकडा. अख्ख्या घराला दिवस गेला.

खालच्या मजल्यावरच्या १० खिडक्यांना आतून कधी रंगच लागला नाही, शंभर वर्षं नुसतं पॉलिश! फक्त बाहेरच्या उंबऱ्यावर शिसं, त्यावर पत्रा मढवून झाकायचं. वरच्या ८ खिडक्या मात्र रंगाच्या थरांवर थर, खाचेत, झडपेच्या कडांना, सगळीकडे शिसं. मुलाची खोली त्यातच.

इथल्या कायद्याप्रमाणे १९७८च्या आधीच्या घरात सहा वर्षांखालचं मूल राहत असेल तर शिशाचा धोका मालकाने काढायचा किंवा झाकायचा असतो, भाडेकरू नसला तरी. मला वाटत होतं तो फक्त घरमालक-भाडेकरूंचा विषय.

आता वरच्या झडपा सोलून, रंग काढून वाचवायच्या की बदलायच्या? सुताराचं_पोर, तुम्ही सांगा. वाईट वाटतंय.

सुताराचं_पोर | २ डिसेंबर

बदला. मीच सांगतोय. शिसं सोलायचं काम परवानाधारकाचं, ते केल्यावरही झडप लाकडी चौकटीत घासतच राहणार आणि एखादा थर राहिला असेल तर तो निघत राहणार. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत तुम्ही रोज खिडकीकडे बघून धास्तावाल.

फक्त कंत्राटदार डीलेडिंगचा (शिसं काढण्याचा) परवाना असलेलाच घ्या, आणि जुन्या झडपा काढताना मूल घरात नको.

उंबरठा | २ डिसेंबर

मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं :ड हलकं घ्या.

खडूस_मास्तर | ३ डिसेंबर

उंबरठा, तुमचे उत्तर अर्ध्या घराला बरोबर निघाले. पण कारण वेगळे होते, तेव्हा गुण निम्मेच.

ओसरी, राज्याच्या आयकरात शिसे काढण्याच्या खर्चाची सवलत आहे, पूर्ण काम करून दाखला मिळाला तर एका घराला ३,००० डॉलरपर्यंत. त्यापुढे फेडरलचे ६०० विसरून जा. त्यासाठी ३१ डिसेंबरच्या आत कोणाला तरी घाईने भिंत फोडू देऊ नका.

पाणकोंबडी | ३ डिसेंबर

नव्या आठ घेताना हमीपत्रात दोन गोष्टी वाच: काचेच्या सीलची हमी किती वर्षं, आणि त्यात मजुरी धरलीय का. आणि कंपनी नव्हे तर कारखाना कोणाचा ते विचार. लावणारा पळाला तरी कारखाना सहसा जागेवर असतो.

ओसरी | १७ फेब्रुवारी २०२६

खूप दिवसांनी. सगळं झालं, म्हणून हिशोब लिहिते, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल.

वरच्या ८ बदलल्या, परवानाधारकाकडून, सुरक्षित कामासकट एकीला १,३५०. म्हणजे १०,८००. खालच्या १० खिडक्यांना लो-ई स्टॉर्म, ३,०००. एकूण १३,८००, शिवाय बाहेरच्या उंबऱ्यांचा पत्रा आणि तपासनीसाची फी. वरचं काम चालू असताना आम्ही चार दिवस मैत्रिणीकडे होतो, सासूबाईंसकट. धुळीची चाचणी पास झाल्यावर परत आलो.

खालच्या दोऱ्या नवऱ्याने बदलल्या. पॉलिशवाल्या खिडक्या, तरी पट्ट्या तपासूनच काढल्या. सुती दोरी. पहिल्या खिडकीला अख्खा शनिवार गेला, अगदी लिहिल्यासारखा! लाटणं स्वयंपाकघरात परत आलंय.

मुलाची दुसरी तपासणी परवा झाली, आकडा तसाच खाली.

एक गंमत. खाली दिवाणखान्यात आता रस्त्यावरची बस ऐकू येत नाही, वर नव्या खिडक्यांतून येते. हे उलटं कसं?

आणि एक तक्रार. स्वयंपाकघराच्या स्टॉर्मवर आतल्या बाजूने रोज सकाळी पाणी. थंडी जास्त असली की बर्फाची नक्षी. लो-ई बिघडलं का?

खडूस_मास्तर | १७ फेब्रुवारी

बस आधी. आवाज अडवायला दोन काचांमधले अंतर लागते. नव्या खिडकीत ते अर्धा-पाऊण इंच, जुनी खिडकी आणि स्टॉर्म यांत दोन-तीन इंच. म्हणून खाली शांत.

पाण्याचे. ते स्टॉर्मच्या आतल्या अंगाला आहे ना, आतल्या खिडकीच्या काचेवर नाही? मग घरातली ओली हवा आतल्या खिडकीच्या फटीतून मधल्या पोकळीत जातेय आणि गार काचेला टेकून पाणी होतेय. स्टॉर्म निर्दोष आहे. आतली खिडकी घट्ट करा. पाणी आतल्या खिडकीच्या काचेवर आले असते तर उलटे, स्टॉर्म गळतेय किंवा घरात दमटपणा फार, असे म्हटले असते.

कुकर खिडकीखालीच आहे का?

ओसरी | १७ फेब्रुवारी

कुकर खिडकीखालीच आहे. सासूबाई आल्यापासून दिवसाला सात-आठ शिट्ट्या. शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकत नाही, फिरवून आतच सोडतो.

सुताराचं_पोर | १७ फेब्रुवारी

शिट्ट्या चालू राहू द्या, मधली कडी लागते का बघा. आणि स्टॉर्मच्या तळाला, खालच्या पट्टीत, दोन बारीक भोकं असतात. पाणी आणि ओली हवा बाहेर जायला. लावणाऱ्याने सिलिकॉनची रेघ चारही बाजूंनी ओढली असेल तर ती बुजली असणार. वरून आणि दोन्ही बाजूंनी सील हवं, खालून नको.

ओसरी | १८ फेब्रुवारी

बुजली होती. दहापैकी सहा खिडक्यांची. नवऱ्याने सिलिकॉन पात्याने कापलं आणि मी केसांच्या आकड्याने भोकं मोकळी केली, हातमोजे घालून बाहेर उभी राहून, शेजारच्या आजी खिडकीतून हसत होत्या. स्वयंपाकघराची मधली कडी खरंच लागत नव्हती, वरची झडप अर्धा इंच खाली उतरली होती. ढकलून वर केली, कडी लागली. आज सकाळी काच कोरडी.

सासूबाईंनी तुळस परत खिडकीत ठेवलीय. वीतभर आत, पण खिडकीत.

पाटपाणी | १८ फेब्रुवारी

अगं, डीलेडिंगवाल्याचं नाव देशील का? माझी नणंद लोवेलला आहे, १९१०चं घर आणि तिसरा महिना.

ओसरी | १८ फेब्रुवारी

विचारपुशीत (खाजगी निरोपात) नाव लिहिलंय. तिला सांग, तोवर खिडक्यांना हात लावू नकोस म्हणावं, पुसणंही ओलंच.